‘सैराट’चा वाद्यवृंद : ऐकावा कसा?

जळगाव-धुळ्याकडील लग्नाच्या वरातीत ‘झिंगाट’ वाजू लागले की पाय आपोआप थिरकतात. त्या गजरात ‘सैराट’च्या संगीतातील सिंफनी वाद्यवृंद मात्र ऐकायचा राहून जातो.

नागराज मंजुळे दिग्दर्शित हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. संगीतकार अजय-अतुल यांनी त्यातील वाद्यवृंद कॅलिफोर्नियातील ‘सोनी’च्या स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. पूर्वी ही वास्तू ‘एमजीएम’ कंपनीकडे होती आणि १९३९च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चे संगीत येथेच ध्वनिमुद्रित झाले होते. भारतीय चित्रपटासाठी तेथे झालेले हे पहिले ध्वनिमुद्रण मानले जाते.

काय ऐकावे?

आपला कान गायकाच्या चालीमागे जातो. सिंफनी वाद्यवृंदात मात्र एकाच वेळी अनेक स्वरावली चालू असतात. व्हायोलिन एक वाट धरते, चेलो खालच्या पट्टीत दुसरी. बासरी, क्लॅरिनेट रंग भरतात आणि ट्रम्पेट, हॉर्न यांसारखी पितळी वाद्ये भव्यता आणतात. ‘याड लागलं’ ऐकताना एकदा शब्द बाजूला ठेवून कडव्यांमधील जागा ऐकाव्यात. तेथे तंतुवाद्यांचे दीर्घ स्वर परशाच्या मनातील आनंद शब्दांपलीकडे नेतात. श्रेया घोषाल यांनी गायिलेल्या ‘आताच बया का बावरलं’मध्ये हाच वाद्यवृंद आर्चीची हुरहुर सांगतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर खालचे स्वर हरवतात. त्यासाठी हेडफोन बरा.

अर्थ कोणता?

एवढा मोठा वाद्यवृंद परदेशी चित्रपटांत बहुधा राजे, योद्धे आणि महायुद्धे यांच्यासाठी वाजतो. येथे तो मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील मुलगा आणि पाटलाची मुलगी यांच्यासाठी वाजतो. शब्द ग्रामीण बोलीतले, ठेका मातीतला आणि त्याभोवती सिंफनी! जातीने ज्या प्रेमाला जागा नाकारली, त्याला संगीताने सर्वांत मोठे दालन उघडून दिले.

म्हणूनच चित्रपटाचा शेवट अधिक जिव्हारी लागतो. आर्ची-परशाचे चिमुकले मूल रक्ताळलेल्या पावलांनी घराबाहेर पडते, तेव्हा व्हायोलिन नाही, हलगी नाही, साधा आवाजही नाही. पूर्वार्धातील वाद्यवृंद ज्याने मनापासून ऐकला, त्यालाच या शांततेत काय हिरावले गेले ते नेमके कळते.