बारकस

हैदराबादच्या जुन्या शहरातून फलकनुमा मागे टाकून चांद्रायणगुट्ट्याकडे गेले की बारकस नावाची वस्ती लागते. नाव अरबी असावे, असा नवख्याचा समज होतो. वस्तुतः तो इंग्रजी ‘बरॅक्स’चा अपभ्रंश होय. निजामांच्या फौजेतील अरब शिपायांच्या येथे बराकी होत्या.

हे अरब दक्षिण अरबस्तानातील हद्रमौतचे. मराठी वाचकास ते सर्वस्वी परके नाहीत. पेशव्यांच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या पदरी अरब शिबंदी होती; १८१८ च्या उन्हाळ्यात मालेगावचा भुईकोट इंग्रजांविरुद्ध सुमारे महिनाभर झुंजविला तोही अरबांनीच. मराठी सत्ता मावळल्यावर त्यांपैकी अनेकांनी निजामाची चाकरी धरली. तेथे त्यांचे जमादार शिपाई कमी आणि सावकार अधिक झाले. कर्जबाजारी दरबारास रकमा द्यावयाच्या आणि तालुक्यांचा वसूल गहाण घ्यावयाचा, हा त्यांचा शिरस्ता. १८५३ मध्ये दिवाणगिरी हाती आल्यावर पहिल्या सालारजंगांनी त्यांचा हा जोर हळूहळू मोडीत काढला. तरीही कुआइती या जमादार घराण्याने हैदराबादच्या कमाईवर हद्रमौतात आपली सल्तनत उभारली आणि ती १९६७ पर्यंत टिकली! दख्खनमधील चाकरीतून समुद्रापार राज्य उभे राहावे, हे नवलच.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मात्र बराकींतील जगण्याचा आधारच सुटला. फौज मोडली, पगार थांबले. अनेक अरबांना परकीय ठरवून स्थानबद्ध करण्यात आले. काहींची अरबस्तानात रवानगी झाली. परंतु ज्यांस परत पाठवावयाचे त्यांपैकी कित्येकांचा जन्म हैदराबाद संस्थानातच झालेला, आया दख्खनी, आणि हद्रमौत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. त्यांचा देश कोणता, या प्रश्नाचे नेमके उत्तर त्या वेळच्या शासनापाशीही नव्हते. जे राहिले त्यांनी शिपायांच्या बराकींच्या जागी संसार थाटले. पेरूच्या बागा, फळांचा व्यापार, लहानसहान धंदे यांवर एक पिढी निभावली. पुढे १९७० नंतर आखाती देशांत तेलाचा पैसा वाहू लागला, तेव्हा आजोबा ज्या दिशेने आले त्याच दिशेने नातू नोकरीसाठी निघाले. त्यांनी धाडलेल्या पैशांतून बारकसची पक्की घरे उभी राहिली.

मराठवाड्यात आढळणारे ‘चाऊस’ हे आडनावही याच फौजेची खूण. मूळ शब्द तुर्की, लष्करी हुद्द्याचा. आडनाव लावणाऱ्यांपैकी किती जणांना याची कल्पना असेल, कोण जाणे.

आजच्या बारकसमध्ये कवाईत नाही. लुंगी नेसलेली वृद्ध मंडळी दुकानांसमोर बसलेली दिसतात, गहू व मांस घोटून केलेल्या हरीससाठी शहरभरातून लोक येतात, आणि रिक्षावाल्यास ‘बारकस’ एवढेच सांगितले की पुरते.