कार्य, ऊर्जा आणि शक्ती : घामाचा हिशेब आणि विज्ञानाचा हिशेब

सुरत शहराच्या आग्नेय भागात, डिंडोलीला लागून नवागाम ही वस्ती आहे. खानदेशातून, म्हणजे धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून कामधंद्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात स्थायिक झाली. यंत्रमाग, कापडाच्या गिरण्या आणि कापडबाजार हे त्यांच्या उपजीविकेचे मोठे साधन. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालवते, त्या मुख्यतः याच वस्त्यांतील मुलांसाठी.

अशा घरातील मूल नववीत पोहोचते आणि विज्ञानाच्या पुस्तकात 'कार्य' हा शब्द त्याच्यासमोर येतो. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणारा हमाल त्या ओझ्यावर शून्य कार्य करतो, असे तेथे लिहिलेले असते. ज्याचे वडील दिवसभर कापडाचे गठ्ठे वाहतात, त्या मुलाला हे वाक्य अन्यायाचे वाटले, तर त्यात नवल नाही. गोव्यातील विद्यार्थ्याचीही अडचण याच जातीची आहे. प्राथमिक शिक्षण मराठी किंवा कोकणीतून झाल्यावर बहुतेकांना पुढचे विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते. सूत्र पाठ होते, परंतु घरातील शब्द आणि पुस्तकातील शब्द यांचा सांधा जुळत नाही. कार्य, ऊर्जा आणि शक्ती या तीन संज्ञांच्या बाबतीत हा सांधा नेमका कसा जुळवावा, ते येथे पाहू.

कार्य म्हणजे काय?

भौतिकशास्त्रात कार्य घडण्यासाठी दोन गोष्टी लागतात. वस्तूवर बल लावले गेले पाहिजे आणि त्या बलाच्या दिशेने, किंवा निदान अंशतः त्या दिशेने, वस्तूचे विस्थापन झाले पाहिजे. दोन्हींची दिशा एकच असेल, तर

कार्य = बल × विस्थापन

बल न्यूटनमध्ये आणि विस्थापन मीटरमध्ये मोजल्यास कार्य ज्यूलमध्ये मिळते. एक न्यूटन बलाने वस्तू बलाच्या दिशेने एक मीटर सरकली, तर एक ज्यूल कार्य झाले. बल तिरके असेल, तर त्याचा विस्थापनाच्या दिशेतील घटकच हिशेबात धरायचा. बल आणि विस्थापन काटकोनात असतील, तर हा घटक शून्य होतो. बल विस्थापनाच्या विरुद्ध दिशेला असेल, तर कार्य ऋण येते. चालत्या वाहनावर ब्रेकच्या घर्षणाने होणारे कार्य असे ऋण असते.

कापडबाजारातील उदाहरण घेऊ. समजा, ५० किलोग्रॅमचा गठ्ठा जमिनीवरून दीड मीटर उंच उचलून डोक्यावर घेतला. गुरुत्वीय त्वरण ९.८ धरले, तर गठ्ठ्याचे वजन ४९० न्यूटन आणि कार्य ७३५ ज्यूल. तो घेऊन हमाल सपाट रस्त्याने अर्धा किलोमीटर एकसारख्या वेगाने चालला. त्याच्या डोक्याचे बल वरच्या दिशेला आहे, विस्थापन आडवे आहे. दोन्हींमध्ये काटकोन असल्याने त्या बलाने गठ्ठ्यावर केलेले कार्य शून्य. तोच गठ्ठा जिन्याने १० मीटर उंचीवर नेला, तर गठ्ठ्यावर ४,९०० ज्यूल कार्य होते. हमालाचे स्वतःचे वजन ६० किलोग्रॅम असेल, तर स्वतःला वर नेण्यासाठी आणखी ५,८८० ज्यूल लागतात.

शून्य कार्य म्हणजे शून्य श्रम नव्हे

मग सपाट रस्त्यावर माणूस दमतो का? स्नायूंची रचना टेबलाच्या पायासारखी नाही. टेबल ओझे वर्षानुवर्षे काहीही खर्च न करता पेलते. स्नायूला ताण धरून ठेवण्यासाठी त्याच्या तंतूंचे आकुंचन सतत चालू ठेवावे लागते. त्यासाठी अन्नातून मिळालेली रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिचे रूपांतर मुख्यतः उष्णतेत होते. घाम येतो तो या उष्णतेमुळे. ही ऊर्जा हमालाने खरोखर खर्च केलेली असते. ती गठ्ठ्याला मिळालेली नसते, एवढेच.

पुस्तकातील वाक्याचा अर्थ इतकाच मर्यादित आहे. 'कार्य' ही संज्ञा एका वस्तूकडून दुसरीकडे बलाच्या द्वारे किती ऊर्जा गेली, याचा हिशेब ठेवते. कोणी किती कष्ट केले, हे ती मोजत नाही आणि त्या कष्टाचे मोल काय असावे, हे तर मुळीच सांगत नाही. 'काम' आणि 'कार्य' असे दोन शब्द मराठीत आहेत, ही सोय आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला दोन्ही अर्थांसाठी 'वर्क' हा एकच शब्द वापरावा लागतो, म्हणून शिक्षकांनी हा भेद आरंभीच सांगितलेला बरा. या विशिष्ट अर्थाने हा शब्द रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस यांना दिले जाते. यंत्रांकडून किती उपयोग होतो, हे मोजण्याच्या गरजेतून ही व्याख्या पुढे आली.

गतिज ऊर्जा : धोटा आणि पाण्याचा थेंब

कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. तिचेही एकक ज्यूल हेच. गतीमुळे वस्तूला मिळणारी ती गतिज ऊर्जा.

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग

नवागामच्या परिसरातील मुलांना हे सूत्र मागावर पाहता येईल. जुन्या पद्धतीच्या यंत्रमागात आडवा धागा घेऊन धोटा एका टोकाकडून दुसरीकडे फेकला जातो. समजा, धोटा ४०० ग्रॅमचा आहे आणि त्याचा वेग सेकंदाला १२ मीटर आहे. त्याची गतिज ऊर्जा जवळजवळ २९ ज्यूल होते. प्रत्येक फेकीला ही ऊर्जा द्यायची आणि दुसऱ्या टोकाला धोटा थांबवताना ती गमवायची. ती जाते कोठे? धडकेच्या आवाजात, कंपनात आणि तापण्यात. माग चालू असताना शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, याचे एक कारण हे आहे.

सुरतेत आता पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे वॉटरजेट मागही मोठ्या संख्येने आहेत. त्यांत जड धोटा नसतो. पाण्याची बारीक धार धागा पुढे नेते. एका फेकीला २ ग्रॅम पाणी सेकंदाला ३० मीटर वेगाने गेले असे मानले, तर त्याची गतिज ऊर्जा ०.९ ज्यूल भरते. वेग अडीच पट असूनही ऊर्जा सुमारे तिसाव्या हिश्शाची, कारण वस्तुमान दोनशे पटींनी घटले. पंपाला आणि यंत्राच्या इतर भागांना लागणारी वीज वेगळी. तरीही हे माग जुन्या मागांपेक्षा वेगाने का चालू शकतात, याचे मूळ या हिशेबात दिसते.

या सूत्रातील वेगाचा वर्ग रस्त्यावर जिवाशी संबंधित आहे. स्वारासह २०० किलोग्रॅमची दुचाकी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा १०,००० ज्यूल. वेग ताशी ७२ झाला, की ती ४०,००० ज्यूल. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. ब्रेकचे बल १,००० न्यूटन असेल, तर पहिल्या वेगात गाडी १० मीटरमध्ये थांबेल, दुसऱ्यात ४० मीटर लागतील. नववीतला विद्यार्थी थोड्याच वर्षांत दुचाकी हाती घेतो. हे एक उदाहरण त्याला समजले, तरी धड्याचे सार्थक झाले.

स्थितिज ऊर्जा : नारळ आणि तापी

उंचीवर असल्यामुळे वस्तूत साठलेली ऊर्जा ही स्थितिज ऊर्जेचा एक प्रकार.

स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्वीय त्वरण × उंची

१५ मीटर उंचीच्या माडावर १.२ किलोग्रॅमचा नारळ आहे. जमिनीच्या संदर्भात त्याची स्थितिज ऊर्जा १७६.४ ज्यूल. तो सुटून १० मीटर खाली आला, की स्थितिज ऊर्जा ५८.८ ज्यूल उरते आणि उरलेले ११७.६ ज्यूल गतिज रूपात दिसतात. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १४ मीटर असतो. हवेचा रोध दुर्लक्षिला, तर प्रत्येक क्षणी दोन्हींची बेरीज १७६.४ हीच राहते. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, तिचे केवळ रूपांतर होते. हाच ऊर्जा अक्षय्यतेचा नियम.

सुरतेत हा नियम तापी नदीवर मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळतो. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून तापी खानदेशातून वाहते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. नवागामच्या अनेक कुटुंबांची मूळ गावे याच नदीच्या खोऱ्यात आहेत. सुरतेच्या वरच्या अंगाला १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण आहे. तेथील जलविद्युत केंद्रात प्रत्येकी ७५ मेगावॅटचे चार संच आहेत. एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाणी ५० मीटर खाली येते असे धरले, तर ४,९०,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. या हिशेबाने विजेच्या एका युनिटसाठी सुमारे ७,३५० लिटर पाणी इतक्या उंचीवरून खाली यावे लागते. प्रत्यक्षात घर्षण आणि यंत्रांतील घट धरता त्याहून अधिक.

गोव्याच्या दूधसागराची उंची ३१० मीटर मानली जाते. तेथे जनित्र नाही. मग त्या पाण्याची ऊर्जा कोठे जाते? खडकांवर आपटून आणि घुसळून तिचा बहुतांश भाग उष्णतेत बदलतो. सर्व ऊर्जा पाण्यातच राहिली, तर त्याचे तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढेल. बाष्पीभवनामुळे प्रत्यक्ष फरक मोजणे कठीण, पण विचार खरा आहे. इंग्लंडमधील जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने पाण्यातील पाती फिरवली आणि पाणी किती तापते, हे मोजले. यांत्रिक कार्य आणि उष्णता यांचे प्रमाण ठरलेले असते, हे त्यातून सिद्ध झाले. ऊर्जेचे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

शक्ती : किती वेळात?

बोलीत शक्ती म्हणजे ताकद. भौतिकशास्त्रात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर.

शक्ती = कार्य ÷ काळ

एका सेकंदात एक ज्यूल कार्य झाले, तर शक्ती एक वॅट. ६० किलोग्रॅम वजनाचे दोन पाडेली १५ मीटर उंच माडावर चढले, तर दोघांनीही गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ८,८२० ज्यूल इतकेच कार्य केले. परंतु एक जण एका मिनिटात पोहोचला, दुसरा दोन मिनिटांत. पहिल्याची शक्ती १४७ वॅट, दुसऱ्याची ७३.५ वॅट. गुजरातीत या राशीला 'कार्यत्वरा' असाही शब्द आहे. त्यात त्वरा स्पष्ट दिसते, म्हणून सुरतेच्या मराठी मुलांना तो स्मरणासाठी उपयोगी पडावा.

वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्यांशी करून जेम्स वॅट यांनी 'अश्वशक्ती' हे माप प्रचारात आणले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. मोटारींवर आजही हा आकडा लिहिलेला असतो.

युनिट म्हणजे काय?

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. किलोवॅट हे शक्तीचे एकक आहे. किलोवॅट-तास हे ऊर्जेचे एकक आहे आणि वीजबिलातील 'युनिट' ते हेच. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट खर्च होते. १० वॅटचा दिवा १०० तास जळला, तरी एकच युनिट. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. एक अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर बारा तासांची पाळी चालली, तर ती जवळजवळ ९ युनिटांएवढी यांत्रिक ऊर्जा देते. विजेचा वापर त्याहून थोडा अधिक होतो. उकाईचे चारही संच पूर्ण क्षमतेने तासभर चालले, तर ३ लाख युनिटे वीज मिळते.

आता आरंभीच्या गठ्ठ्याकडे परत येऊ. तो दीड मीटर उचलायला ७३५ ज्यूल लागतात. म्हणजे एका युनिटात जेवढी ऊर्जा आहे, तेवढे कार्य करण्यासाठी ५० किलोग्रॅमचा गठ्ठा सुमारे ४,९०० वेळा उचलावा लागेल. काही रुपयांत मिळणाऱ्या विजेसमोर मानवी स्नायू किती तोकडा आहे, हे या आकड्यावरून कळते. हातमागाची जागा यंत्रमागाने का घेतली, हेही त्यावरून उमगते. मात्र तुटलेला धागा पाहणे, तो क्षणात जोडणे आणि कापडातील दोष ओळखणे हे ज्यूलमध्ये मोजता येत नाही. मागावरील माणसाला मजुरी मिळते ती या नजरेची आणि हाताच्या सवयीची.

परीक्षेपूर्वी लक्षात ठेवण्याजोगे

• कार्य विचारले असता 'कोणत्या बलाने, कोणत्या वस्तूवर' हे आधी ठरवावे. हमालाच्या उदाहरणात उत्तर या प्रश्नावर अवलंबून आहे.
• ग्रॅमचे किलोग्रॅममध्ये, ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटरमध्ये आणि मिनिटांचे सेकंदांत रूपांतर केल्यावरच सूत्र वापरावे.
• गतिज ऊर्जेत वर्ग केवळ वेगाचा होतो, वस्तुमानाचा नव्हे.
• स्थितिज ऊर्जा कोणत्या पातळीपासून मोजली, ते लिहावे.
• बल, ऊर्जा आणि शक्ती या तीन वेगळ्या राशी आहेत. त्यांची एकके अनुक्रमे न्यूटन, ज्यूल आणि वॅट.

नवागाममधील एखाद्या विद्यार्थ्याने घरी जाऊन वडिलांना सांगितले, की सपाट रस्त्यावर ओझे वाहण्यात शून्य कार्य होते, तर पुढचे वाक्यही त्याला सांगता आले पाहिजे : ओझ्याला ऊर्जा मिळाली नाही, पण तुमच्या शरीराने ती खर्च केली. दोन्ही वाक्ये कारणांसह सांगता आली, तर हा धडा त्याला समजला असे मानायला हरकत नाही.