गाडीचा आवाज, मागचं डिफरन्शियल आणि तुमचा रिसर्च प्रॉब्लेम

पेट-नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "ताई, रिसर्च प्रॉब्लेम शोधायचा म्हणजे नक्की काय करायचं?" आज त्याचं उत्तर एका गाडीच्या निमित्ताने देते.

माझ्या मावसभावाने सेकंडहँड, दणदणीत ताकदीची एसयूव्ही घेतली. दोन महिन्यांत तक्रार सुरू झाली. सिडकोतल्या गल्लीत गाडी हळू वळवली की मागून थडथड, आणि जालना रोडवर ६०च्या वेगाला एकसारखी घूंऽऽ. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, मागचं डिफरन्शियल गेलंय, अख्खं बदला. खर्च लाखांत. भाऊ मला म्हणाला, "तू गिअरच्या कंपनांवर पीएचडी करतेस ना? मग सांग आता!"

खरं सांगते, मला सिग्नल वाचता येत होता, पण त्या डब्यात कोणता भाग कशासाठी बसवलाय हे नीट माहीत नव्हतं. म्हणून आधी इतिहास वाचला.

पहिला प्रश्न: वळायचं कसं?

क्रांती चौकात गाडीने यू-टर्न घेतला की बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन चाकांमधलं अंतर १.६ मीटर धरा. अर्ध्या वर्तुळात हा फरक पाय गुणिले १.६, म्हणजे साधारण ५ मीटर येतो. वळण मोठं असो की लहान, फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसवली तर एक चाक घासत जाणार.

पॅरिसचे घड्याळजी-अभियंते ओनेसिफोर पेकर यांनी १८२८च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर गिअरची रचना दिली. १८७७ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी तीच कल्पना तीनचाकी सायकलला लावली. आपल्या वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. बजाजच्या रिक्षाच्या मागच्या दोन चाकांमध्येही हेच तत्त्व काम करतं. पुढे आपल्याच शेंद्र्यात ऑडीच्या क्यू-५, क्यू-७ सारख्या एसयूव्ही जुळवल्या गेल्या. रिक्षा असो की एसयूव्ही, वळणाचा प्रश्न एकच.

दुसरा प्रश्न: आवाज कमी कसा करायचा?

इंजिनाची ताकद क्राऊन-पिनियनमधून काटकोनात वळून चाकांकडे जाते. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने हायपॉइड गिअर आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली सरकवलेला असतो. त्यामुळे गिअर शांत चालतात आणि प्रोपेलर शाफ्टही खाली बसतो. पण दात एकमेकांवर जास्त घसरू लागले, आणि साधं तेल त्या दाबाखाली टिकेना. मग गंधकयुक्त रसायनं घातलेलं खास गिअर ऑइल आलं. एक प्रश्न सुटला आणि तेलाचा नवा प्रश्न जन्माला आला.

तिसरा प्रश्न: एक चाक चिखलात फिरत राहिलं तर?

साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. रेसच्या गाड्यांना १९३०च्या दशकात हे फार नडलं. उपाय म्हणून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आलं. त्याच्या एका प्रकारात क्लचसारख्या प्लेट्स असतात, आणि त्यांच्या घर्षणामुळे दोन्ही चाकांच्या वेगातल्या फरकाला लगाम बसतो. वजनदार आणि ताकदवान एसयूव्हींमध्ये अशी व्यवस्था बऱ्याचदा मागच्या बाजूला असते.

आता गंमत बघा. आधी वेगात फरक पडू द्यायला यंत्र शोधलं, मग तोच फरक रोखायला प्लेट्स घातल्या. म्हणजे हळू वळताना त्या प्लेट्स घासणारच. त्या एकसारख्या न घसरता अडकत-सुटत घसरल्या तर थडथड होते. व्हायोलिनचा गज तारेवर असाच अडकत-सुटत फिरतो. त्या तारेचा गणिती अभ्यास सी. व्ही. रामन यांनी १९१८ मध्ये कोलकात्यात प्रसिद्ध केला होता. धातूंमधलं असं अडकत-सुटत घर्षण १९३९ मध्ये बोडेन आणि लेबेन यांनी मोजलं. ते टाळण्यासाठी प्लेट्सच्या डिफरन्शियलमधल्या तेलात घर्षणाचा स्वभाव बदलणारं वेगळं द्रव्य लागतं.

परत गाडीकडे

इतिहास कळल्यावर पहिला संशय असा आला की हा एक आवाज नाही, दोन आहेत. वहीत दोन्हींचे अंदाज आधी लिहिले, तपासणी नंतर केली.

थडथड फक्त हळू वळतानाच येत होती, म्हणून संशय प्लेट्सवर. भावाने आठवून सांगितलं की घेतल्यावर लगेच त्याने बाहेर तेल बदललं होतं. ते हायपॉइडचं होतं, पण प्लेट्ससाठीचं द्रव्य त्यात नव्हतं. योग्य तेल भरलं, मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी हळूहळू फिरवली. थडथड गेली.

घूं मात्र राहिली. आता हिशेब. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर, वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ७.६ फेरे. क्राऊनला ४१ दात. गुणाकार केला की सुमारे ३१० हर्ट्झ. दोष क्राऊन-पिनियनच्या दातांत असेल तर आवाज तिथे दिसायला हवा, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर बदलायला हवा. मोबाईलवर रेकॉर्ड करून पाहिलं तर ३१०ला शिखरच नव्हतं. ॲक्सिलरेटर दाबा की सोडा, आवाज तोच. पण स्टिअरिंग थोडं डावीकडे झुकवलं की वाढायचा, कारण तेव्हा भार उजव्या चाकावर येतो. उजव्या मागच्या चाकाचं बेअरिंग निघालं. ते बदललं, गाडी शांत झाली. डिफरन्शियल अजून जुनंच आहे.

तुमच्यासाठी

सर्व्हिस सेंटरवर हसण्याआधी माझं ऐका. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गिअरच्या मुख्य फ्रीक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंची बारीक शिखरं "नॉइज" म्हणून फिल्टर केली होती. आलेख सुंदर दिसत होता. गाईडनी एवढंच विचारलं, "काढून काय टाकलंस?" ती शिखरं शाफ्टच्या फेऱ्यांएवढ्या अंतरावर होती. दाताचा दोष तीच सांगत होती. सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

म्हणून लिटरेचर रिव्ह्यू ही पानं भरायची औपचारिकता समजू नका. प्रत्येक उपाय कोणत्या अडचणीवर आला आणि त्याने पुढे कोणती अडचण निर्माण केली, अशी साखळी वहीत मांडा. जिथे साखळी अडते, तिथे तुमचा प्रॉब्लेम सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आणि एकाच नावाखाली दोन घटना तर लपलेल्या नाहीत ना, हे आधी तपासा. भावाचे लाखभर रुपये त्या एका प्रश्नाने वाचले. तुमचं कदाचित एक वर्ष वाचेल.