साडेसात हजारांचा हक्क

शिळफाटा म्हटलं की बरेच जण ठाण्याकडचा समजतात. माझा शिळफाटा खोपोलीचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी मुंबई-पुण्याची वाहतूक इथूनच घाटाकडे जायची. रस्त्याकडेला अब्बांची पंक्चर काढायची टपरी होती.

१९८६ च्या पावसाळ्यात टपरीसमोर चाक बसवत असताना एका मोटारीने त्यांना उडवलं. उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. चौथ्या दिवशी मोटारीचे मालक दवाखान्यात आले. त्यांनी मोसंबी आणली, उशीखाली पाचशे रुपये ठेवले आणि ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर अब्बांची सही घेतली. आई म्हणाली, नशिबात होतं. मीही तेच समजलो.

बी.ए. झाल्यावर एका वकील मित्राकडे मोटार वाहन कायद्याचं पुस्तक चाळलं, तेव्हा कळलं की त्या नशिबाचा विचार संसदेने आमच्या आधीच केला होता.

१८५५ चा घातक अपघात कायदा फक्त मृताच्या वारसांसाठी होता. जखमी माणसाला दिवाणी दावा लावावा लागे. वकील, कोर्ट फी आणि तारखांवर तारखा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात त्रयस्थाच्या नुकसानीसाठी विमा सक्तीचा झाला. ही सक्ती १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने अपघातांच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं नेमण्याची सोय झाली. तरीही चालकाची चूक सिद्ध करणं जखमीच्याच माथी होतं. बेशुद्ध पडलेल्याने साक्षीदार आणायचे कुठून?

१९८२ च्या दुरुस्तीने ही अडचण काही अंशी दूर केली. चूक कुणाचीही असो, मृत्यू झाल्यास पंधरा हजार आणि कायमचं अपंगत्व आल्यास साडेसात हजार रुपये ठरले. अर्जाची मुदत सहा महिने. आमचे ते सहा महिने नशिबाला बोल लावण्यात गेले. पैसे त्या मालकांच्या खिशातूनही जाणार नव्हते, विमा कंपनी देणार होती.

१९८८ साली नवा कायदा आला. १९९४ मध्ये मुदतीची अट गेली आणि आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येऊ लागला. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली. ती २०२२ पासून लागू झाली. तो वाद आता सर्वोच्च न्यायालयात आहे, पण त्यावर विसंबून राहू नये. आता चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळू शकतात. मात्र ही रक्कम स्वीकारली की मोठ्या भरपाईचा दावा संपतो, म्हणून आधी वकिलाला विचारावं.

मित्रहो, आधी उपचार. मग गाडीचा नंबर, पोलिसांच्या फिर्यादीची प्रत, दवाखान्याचे कागद, औषधांची बिलं, बुडालेल्या कमाईचा पुरावा, सगळं एका पिशवीत जपून ठेवा. समोरचा माणूस कितीही भला असो, खाटेवर पडून कुठल्याही कागदावर सही करू नका.

अब्बा अखेरपर्यंत त्या मोटारमालकांना भला माणूस म्हणायचे. साडेसात हजारांची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.