कोणत्या सालचं घर?

गोव्यातली जुनी घरं दुरुस्त करायचा माझा धंदा. मालकाची पहिली मागणी ठरलेली: "घर होतं तस्संच करून द्या." माझा प्रश्नही ठरलेला: कोणत्या सालचं?

छपराचंच घ्या. आज सगळे ज्याला जुनं छप्पर म्हणतात, ती मंगळुरी कौलं. बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला १८६५ साली. त्याआधीच्या घरांवर कुंभाराने घडवलेले नळे. पावसाआधी त्यांची शाकारणी करावी लागे. कारखान्याची कौलं एकमेकांत अडकून बसतात, म्हणून लोकांनी नळे उतरवले. तेही नूतनीकरणच होतं. खिडक्यांना आधी शिंपल्यांची तावदानं होती, परवडू लागली तशी काच आली. शिंपल्यातून उजेड दुधाळ येतो, डोळ्यांना टोचत नाही. ते शिंपले आता वन्यजीव कायद्याखाली आहेत; एखादं तावदान फुटलं, तर मी मोडीत निघालेल्या खिडक्या धुंडाळतो.

भिंतीपाशी मात्र मी हटून बसतो. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. पण पाणी पितोच. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मुरलेली ओल चुन्याचा गिलावा बाहेर सोडतो. सिमेंट हाताशी आलं तेव्हा मजबुतीच्या नावाखाली लोकांनी ते चिऱ्यावर थापलं. ओल आत कोंडली, क्षार फुलले, पोपडे सुटले. आज माझी निम्मी मजुरी ते सिमेंट खरवडण्यात जाते.

दुसरा वाद राजांगणाचा. तुळशीवरचा तो मोकळा चौक काचेने झाकायची नव्या मालकांना भारी हौस. घरातली गरम हवा तिथूनच वर निघून जाते. झाकलात की एसी आलाच.

वीज, इंटरनेट, आतलं न्हाणीघर मात्र हवंच. म्हाताऱ्या माणसाने भर पावसात रात्री परसात का जावं? फक्त पाइप मी चिऱ्यात खाचा पाडून पुरत नाही, मागच्या भिंतीवरून उघडे नेतो. "दिसतात हो!" म्हणून मालकीणबाई नाक मुरडतात. दिसू देत. नळे गेले तसे हे पाइपही कधीतरी जाणार. त्या दिवशी गवंड्याला पाना पुरावा, छिन्नी लागू नये.