मधुमेह आणि झाडपाल्याची औषधे : आपल्या भागातला वापर, उपयोग आणि धोके

रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात कुणाला 'शुगर' निघाली, की पहिला सल्ला बहुधा डॉक्टरांचा नसतो. तो शेजारचे काका, आठवडी बाजारातला जडीबुटीवाला किंवा सुनेच्या माहेरची माणसे देतात. कुणी बीजाचा गिलास आणायला सांगतो, कुणी सकाळी कारल्याचा रस, कुणी जांभळाच्या बियांची भुकटी. मंडळाच्या सभासदांपैकी साठी ओलांडलेल्या बऱ्याच जणांच्या घरी अशी एखादी बाटली किंवा पुडी सापडेलच. आमच्याही घरी आहे. म्हणून या वस्तूंबद्दल खात्रीलायक म्हणता येईल असे जे आहे ते एका ठिकाणी मांडत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, वैद्यही नाही. उभे आयुष्य बँकेत जमाखर्च तपासण्यात गेले, त्याच सवयीने हेही पाहिले आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. शिवाय साडेतेरा कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर आहेत. हा आता फक्त शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा आजार राहिलेला नाही, संत्र्याच्या बागेत राबणाऱ्यालाही तो होतो.

यातला एक भेद आधीच सांगितला पाहिजे. लहान मुलांना किंवा तरुणांना होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. अशा मुलाचे इन्सुलिन बंद करून झाडपाला सुरू केला, तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. या प्रकारावर कोणतीही वनस्पती इन्सुलिनची जागा घेत नाही. पुढचे सगळे विवेचन दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, जो मोठ्या वयात होतो आणि सर्वांत जास्त आढळतो.

जुने ग्रंथ आणि आपले जंगल

आयुर्वेदाला हा आजार फार पूर्वीपासून माहीत आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेह आणि मधुमेहाची वर्णने आहेत, लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षण आहे, कृश रोगी आणि स्थूल रोगी असा फरकही केलेला आहे. आपण त्यातली हळद-आवळा आणि बीजा तेवढी उचलली. सुश्रुताने प्रमेहाच्या रोग्याला शंभर योजने चालायला आणि विहीर खणायलाही सांगितले आहे. ते मात्र सोयीस्करपणे विसरलो!

आपल्याकडे झाडपाल्याचा पुरवठा सातपुड्याच्या जंगलातून होतो. छिंदवाडा जिल्ह्यातल्या तामियाजवळचे पातालकोट तर जडीबुटीसाठी प्रसिद्ध आहे. तिथले भारिया आणि गोंड समाजाचे भुमका पिढ्यान्‌पिढ्या वनस्पती ओळखत आले आहेत. त्यांच्या ज्ञानाबद्दल आम्हाला आदर आहे. पण बाजारात चादर अंथरून बसलेला प्रत्येक जण भुमका नसतो, आणि वाळवून कुटलेली भुकटी कशाची आहे हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

बीजाचा गिलास

मराठीत बिबला, हिंदीत बीजा, संस्कृतात बीजक किंवा असन. जुन्या घरांच्या चौकटी याच लाकडाच्या असायच्या. बेसुमार तोडीमुळे आता हे झाड कमी झाले आहे. लाकडाच्या गिलासात रात्री पाणी ठेवायचे आणि सकाळी अनशापोटी प्यायचे, अशी रीत. पाणी पिवळसर तपकिरी होते आणि उन्हात धरले तर निळी झाक मारते. ती झाक पाहूनच अर्ध्या लोकांचा विश्वास बसतो.

या झाडावर खरोखर अभ्यास झालेला आहे. आयसीएमआरने देशातल्या चार केंद्रांत नव्याने मधुमेह निघालेल्या रुग्णांना विजयसाराचा (म्हणजे बीजाचाच) अर्क दिला आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १२ आठवड्यांनंतर ९७ पैकी ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्के लोकांची रक्तशर्करा आटोक्यात आली. गिलास विकणारे हाच आकडा सांगतात. पण ताळेबंद वाचताना खालच्या टिपाही वाचायच्या असतात. या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. रुग्ण नवे आणि सौम्य आजाराचे होते. दिला होता तो मोजून दोन ते चार ग्रॅम अर्क, गिलासातले पाणी नव्हे. आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ९.८ वरून ९.४ वर आली, एवढाच फरक पडला. बहुतेक रुग्णांना डॉक्टर ७ च्या आसपास यायला सांगतात, हे ध्यानात घेतले की ९.४ चा अर्थ कळतो.

इथे घरची गोष्ट सांगतो. आमच्या मोठ्या भावांना सहा वर्षांपासून शुगर होती, दोन गोळ्या चालू होत्या. कुणीतरी गिलास दिला. पहिल्या महिन्यात उपाशीपोटीची शुगर १६० वरून १२० वर आली. घरात आनंद झाला. त्याच महिन्यात दादांनी चहातली साखर सोडली होती, रात्रीचा भात बंद केला होता आणि गोळ्याही चालूच होत्या, हे कुणाच्या लक्षात आले नाही. श्रेय सगळे गिलासाला गेले. दुसऱ्या महिन्यात दादांनी गोळ्या बंद केल्या. आम्हाला सांगितले नाही, वहिनींनाही नाही. पाच महिने तपासणी नाही. बागेत पाणी सोडताना पायात काटा गेला तोही त्यांना कळला नाही, कारण पायाची जाणीवच कमी झाली होती. जखम चिघळली तेव्हा शुगर ३८० होती. नागपूरला नेले आणि उजव्या पायाचे एक बोट काढावे लागले. दादा आजही गिलासातले पाणी पितात. डॉक्टरांना विचारून पितात आणि गोळ्यांबरोबर पितात. गिलासावर त्यांचा राग नाही. आमचा थोडा आहे, पण खरे तर तो आमच्यावरच असायला हवा. आयुष्यभर लोकांची खाती तपासली, घरच्या खात्याची पासबुक पाच महिने भरून घेतली नाही.

उपाशीपोटीची शुगर म्हणजे दिवसअखेरची रोख शिल्लक. आदल्या रात्री कमी खाल्ले की ती बरी दिसते. एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शिल्लक, तिथे हातचलाखी चालत नाही. कोणताही झाडपाला सुरू केला असेल, तर त्याचा निवाडा या दुसऱ्या आकड्यावर करावा.

मेथी, कारले, जांभूळ

मेथीच्या बाजूने पुरावा सर्वांत बरा. दाण्यातला चिकट तंतुमय भाग जेवणातली साखर रक्तात हळू जाऊ देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९८० आणि ९० च्या दशकांत यावर काम झाले. पण त्या प्रयोगांतले प्रमाण दिवसाला २५ ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत होते. आपण भिजवून खातो तो एक चमचा, म्हणजे चार-पाच ग्रॅम. तो खायला हरकत नाही, पण त्यातून प्रयोगाएवढ्या फळाची अपेक्षा करू नये. जास्त घेतल्यास पोट फुगते. मेथीमुळे इतर औषधेही हळू शोषली जाऊ शकतात, म्हणून गोळी आणि मेथी यांत तासा-दोन तासांचे अंतर ठेवलेले बरे.

कारल्याची भाजी उत्तम. औषध म्हणून मात्र जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन या संस्थेला २०१२ मध्ये ४७९ रुग्णांच्या चार चाचण्या मिळाल्या, आणि त्यांतून ठाम निष्कर्ष निघाला नाही. थायलंडमधल्या एका चाचणीत रोज दोन ग्रॅम सुक्या कारल्याने थोडा फरक पडला, पण मेटफॉर्मिनपेक्षा कमीच.

रसाबाबत एक इशारा फार महत्त्वाचा आहे. बरेच लोक कारल्यात दुधी भोपळ्याचा रस मिसळतात. २०१० मध्ये दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा असा मिश्र रस पिऊन मृत्यू झाला. कित्येक वर्षे ते हा रस घेत होते, त्या दिवशीचा दुधी कडू निघाला. त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात, त्यावर उतारा नाही. समितीचा सल्ला साधा होता : रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखा, कडू लागला तर फेका, आणि दुसऱ्या कशात मिसळू नका. कारल्यात मिसळला की दुधीचा कडूपणा झाकला जातो, खरा घात तिथेच होतो. रस प्यायल्यावर उलटी, जुलाब, पोटदुखी झाली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

जांभळाची बी इन्सुलिन येण्यापूर्वी युरोपातही वापरत असत. आजवरचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची चाचणी झाली तेव्हा उपयोग दिसला नाही.

गुडमार आणि सदाफुली

गुडमारचे पान चावून वर साखर खाल्ली तर ती वाळूसारखी लागते, हे आम्ही स्वतः करून पाहिले आहे. नातवंडांना दाखवण्यासारखा खेळ आहे. जिभेची गोडी जाते ही गोष्ट खरी, पण जिभेची गोडी जाणे आणि रक्तातली साखर जाणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. मद्रासला १९९० मध्ये २२ रुग्णांवर दीड वर्षाहून अधिक काळ अर्काचा प्रयोग झाला. सगळ्यांच्या नेहमीच्या गोळ्या चालू होत्या, पुढे पाच जणांच्या बंद करता आल्या. निकाल आशादायक आहे, पण २२ जण म्हणजे फारच थोडे.

सदाफुलीची गोष्ट सर्वांना माहीत असावी. अंगणातली ही पाने-फुले शुगरवर चावून खाणारे आपल्याकडे बरेच आहेत. जमैका बेटावरही तीच समजूत होती. १९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीर यांनी तिथून आलेल्या पानांचा अर्क उंदरांवर तपासला. साखर कमी झाली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगाचे औषध मिळाले आणि पुढे त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिनही. म्हणजे जे पान आपण निरुपद्रवी समजून चावतो, त्यात कॅन्सर वॉर्डात थेंब मोजून देतात ती द्रव्ये आहेत. सदाफुली अंगणात शोभेलाच राहू द्यावी.

गुळवेल आणि तयार गोळ्या

करोनाकाळात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, दुसरी तत्सम वेल वापरली गेली असावी असे सांगितले. २०२२ मध्ये अनेक रुग्णालयांतून आणखी रुग्णांची नोंद आली. वाद असला तरी व्यवहाराची गोष्ट सोपी आहे : डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, भूक गेली, तर काढा थांबवून यकृताची तपासणी करावी.

सरकारी संशोधनातून आलेल्या गोळ्याही दुकानात आहेत. बीजीआर-३४ ही लखनौच्या दोन राष्ट्रीय प्रयोगशाळांतून आली, तिच्यात दारुहळद, गुळवेल, बीजा, गुडमार, मंजिष्ठा आणि मेथी आहे. आयुष-८२ मध्ये कारले, जांभूळ, आंब्याची कोय, गुडमार आणि शिलाजीत. अशा गोळ्यांवर निदान निर्मात्याचे नाव आणि घटक छापलेले असतात. खरी भीती बिननावाच्या पुडीची. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या भुकट्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीची गोळी कुटून घातल्याची उदाहरणे निरनिराळ्या देशांत सापडली आहेत. शुगर तीन दिवसांत उतरली तर खुश होण्याआधी शंका घ्यावी. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी जवळपास २१ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. मधुमेहात मूत्रपिंड आधीच नाजूक, त्यावर हा भार.

मधुमेह 'बरा करतो' अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने गुन्हा आहे. मधुमेहाचे नाव त्या कायद्याच्या यादीतच आहे. ऑटोवर भोंगा लावून फिरणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी हीसुद्धा मुळात झाडपाल्याचीच नात. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती जुन्या काळी औषधात होती. तिच्यातले द्रव्य विषारी निघाले, म्हणून त्याच घराण्यातले सौम्य रसायन तयार केले गेले आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या झां स्टर्न यांनी त्याचा रुग्णांवरचा उपयोग प्रसिद्ध केला. ही गोळी सरकारी दवाखान्यात मोफत आणि जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळते.

चालू असेल तर

डॉक्टरांना सांगा. 'रागावतील' म्हणून लपवू नका. गोळी किंवा इन्सुलिनबरोबर कारल्याचा रस, गुडमार असे काही घेतले, तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची खूण. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे. ऑपरेशन ठरले असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही काढ्याबद्दल आधीच कळवावे.

एका वेळी एकच वनस्पती घ्यावी, म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला ते कळते. एचबीए१सी दर तीन महिन्यांनी. तिशीपुढच्या सर्वांची शुगर आणि रक्तदाब तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, तिथे जायला लाजू नये. आणि रोज रात्री पाय धुऊन तळवे पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातल्या कुणाला सांगावे. दादांचे पाय आता वहिनी पाहतात.