एपीओई जनुक : उतारवयातील झोप आणि स्मृती

एपीओई हे माणसाच्या १९व्या गुणसूत्रावरील जनुक. ॲपोलायपोप्रोटीन-ई या प्रथिनाची घडण ते ठरवते. मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करणे हे या प्रथिनाचे मुख्य काम. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचा निचरा होण्यातही त्याचा वाटा असतो. जनुकाचे ई२, ई३ आणि ई४ असे तीन प्रमुख प्रकार आहेत. ई३ आणि ई४ यांच्या प्रथिनांत २९९ अमिनो आम्लांपैकी फक्त ११२व्या जागेचा फरक आहे : सिस्टीनच्या जागी आर्जिनीन. ई४मुळे उतारवयातील अल्झायमरचा धोका वाढतो, हे १९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले.

झोपेचा धागा पुढे जुळला. सेंट लुइस येथे उंदरांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जागेपणी मेंदूतील बीटा-अमायलॉइड वाढते आणि झोपेत उतरते, असे आढळले. शिकागोच्या रश विद्यापीठाच्या अभ्यासगटातील ६९८ वृद्धांची झोप मनगटावरील हालचालमापकाने मोजून पुढे काही वर्षे त्यांची स्मृती व आकलनशक्ती तपासली गेली. ज्यांची झोप सलग लागत होती, त्यांच्यात ई४चा दुष्परिणाम सौम्य दिसला (२०१३). सरासरी ८१ वर्षे उलटलेल्या माणसांतही हे दिसावे, ही या अभ्यासातील सर्वांत मोलाची गोष्ट.

मात्र येथे सहसंबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. अल्झायमरची पडझड लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते आणि झोपेचे नियमन करणारे भागही तिच्या तडाख्यात सापडतात. त्यामुळे मोडलेली झोप हेच कधी कधी आजाराचे पहिले चिन्ह असते. शिवाय झोप न लागण्याचा, म्हणजे निद्रानाशाचा, वारसाही एका जनुकात नसतो. सुमारे १३ लाख लोकांच्या जनुकीय माहितीच्या २०१९ मधील विश्लेषणात त्याच्याशी निगडित २०२ जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा होता.

याउलट, घातक कौटुंबिक निद्रानाश या अतिदुर्मीळ आजारात २०व्या गुणसूत्रावरील प्रायॉन प्रथिनाच्या जनुकातील एकच बदल झोप आणि जीव दोन्ही हिरावतो. ई४ तसा नाही. तो असूनही अनेकांना स्मृतिभ्रंश होत नाही, आणि नसूनही होतो. जनुक बदलता येत नसले तरी झोपेच्या तक्रारींकडे लक्ष देता येते; म्हणून घरातल्या वृद्धांचे मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा दिवसभर पेंगणे ‘वयाचेच आहे’ म्हणून सोडून देऊ नये. ही लक्षणे स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडकण्याच्या विकाराची असू शकतात; त्याचे निदान रात्रीच्या झोपतपासणीने होते आणि श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राने त्यावर उपचार करता येतात, जनुक कोणतेही असो.